बाबा उठले

हा प्रकार रात्रीचा नाही.

आधीच सांगून टाकतो, कारण कोणीतरी विचारणारच. झोपेत होतास का? ताप होता का? घेतली होतीस का थोडी?

नाही.

सकाळ होती. रविवार. ऊन खिडकीतून ओट्यावर आलं होतं. आम्ही दोघं होतो, मी आणि माझी मोठी बहीण. दोघंही शुद्धीत. जागा म्हणजे बाबांचं घर... तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचं दार, दोन खोल्या आणि एक चिंचोळं स्वयंपाकघर. एक माणूस ओट्याशी उभा असेल तर दुसऱ्यानं दारातच थांबायचं, एवढंच.

जसं घडलं तसं लिहितोय. ज्याला पटणार नाही त्यानं सोडून द्यावं. मीही सोडून द्यायचा प्रयत्न करून बघितलाय.

जमलं नाही.

*

सगळं एका प्लगपासून सुरू झालं.

स्मार्ट प्लग बऱ्याच जणांनी बघितला असेल. भिंतीतल्या सॉकेटमध्ये तो खुपसायचा, त्याच्यात आपलं यंत्र लावायचं आणि मोबाइलवरून चालू-बंद करायचं. किती वीज जातेय तेही दिसतं. आत एक छोटा रिले असतो, म्हणजे आपोआप पडणारा खटका. चालू होताना टक. बंद होताना टक.

पण विकत आणलेला प्लग आपला नसतो, कंपनीचा असतो. तुमच्या घरात विजेची किटली लागली की आधी दूर कुठेतरी कंपनीला कळतं, मग तुम्हाला. मला ते पटेना. ऑफिसात माझा एक मित्र आहे, जाड चष्म्यामुळे सगळे त्याला ढापण्याच म्हणतात. त्यानं शिकवलं. स्क्रू काढून प्लग उघडायचा. आतल्या बोर्डावरच्या बारीक टोकांना वायरी टेकवायच्या, लॅपटॉपला जोडायच्या. कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्रॅम, पुसायचा, आपला भरायचा.

"वायरी लावलेल्या असताना भिंतीत खुपसू नकोस," ढापण्या म्हणाला. "नाहीतर प्लग राहील बाजूला आणि तुलाच नव्यानं चालू करावं लागेल."

पुसलेला प्लग हातात घेतला की मला फार बरं वाटायचं. त्याला काहीच माहीत नसतं. आपण सांगू तेवढंच.

मी आमच्या घरात सगळीकडे लावले. बायको म्हणाली, आता मलाही एक लाव, म्हणजे माझं ऐकून घेतलंस की नाही ते कळेल.

मग मी बाबांच्या घराकडे वळलो.

*

बाबा एकटेच राहायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आयुष्यभर त्यांनी लिफ्टदुरुस्तीचं काम केलं, त्यामुळे आपोआप चालणाऱ्या कुठल्याही वस्तूकडे ते संशयानं बघायचे.

मी तीन प्लग लावले. एक किटलीला. एक रेडिओला. एक पलंगाशेजारच्या दिव्याला.

बाबा दारात उभे राहून बघत होते.

"म्हणजे मी चहा ठेवला की तुला कळणार?"

"हो."

"आणि नाही ठेवला की?"

"तेही कळेल."

"मग तू फोन कशाला करशील?"

"अहो, तुमचाच त्रास वाचेल. रोज सकाळी फोन उचलायला धावता."

"धावतो? मी?" त्यांनी पायजमा वर करून दाखवला. "हे गुडघे धावणाऱ्या माणसाचे आहेत का?"

दोघंही हसलो.

त्यांचा प्रश्न तसाच राहिला.

*

नियम साधा होता. सकाळी किटलीतून वीज गेली की घरच्या ग्रुपवर आपोआप मेसेज यायचा.

बाबा उठले.

ग्रुपवर मी, बायको, ताई आणि भाऊजी. मेसेज आला नाही तर फक्त माझ्या मोबाइलवर घंटा वाजायची.

पहिल्याच आठवड्यात घंटा वाजली. घाबरून मी फोन लावला.

"बाबा! बरे आहात ना?"

"पोट बिघडलंय. चहा नको वाटला. पंचनामा करायला येतोयस का?"

मग आणखी एकदा. मग परत. बाबा वैतागले. मीही वैतागलो, खोटं कशाला बोलू, ऑफिसच्या बैठकीत मध्येच घंटा वाजली की सगळे बघायचे. मी नियम बदलला. फक्त किटली नको. किटली, रेडिओ, दिवा... तिन्हींपैकी कशातूनही वीज गेली तरी बाबा उठले असं धरायचं.

दुसरी अडचण. वीज जाऊन आली की प्लग बंदच राहायचे. त्यांचं बारीकसं बटण दाबायला बाबांना पलंगामागे वाकावं लागायचं.

"या वयात लिफ्टच्या खड्ड्यात उतरवतोयस मला," ते म्हणाले.

म्हणून मी तेही बदललं. वीज परत आली की प्लगनं आपलं आपण चालू व्हायचं.

दोन्ही बदल त्यांच्यासाठीच केले.

हे मी कोणाला पटवतोय, माहीत नाही.

*

ताई रोज सकाळी बाबांना फोन करायची. स्वतःचा डबा भरता भरता, खांद्यावर फोन धरून. काय केलं, काय खाल्लं, गोळी घेतली का. बाबा प्रत्येक गोष्टीला "हो गं हो" म्हणायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, भांडण चाललंय.

प्लग लावल्यावर तिनंच एकदा विचारलं, "आता मी रोज नाही फोन केला तर चालेल ना रे? सकाळची फार तारांबळ होते."

"अगं, कशाला करतेस? कळतंय ना आपल्याला."

हे मी म्हणालो.

*

रविवार. बाबा उठले.

सोमवार. बाबा उठले.

मंगळवार. बाबा उठले.

बुधवार. बाबा उठले.

सोमवारच्या मेसेजखाली भाऊजींनी अंगठा टाकला होता. मंगळवारच्या खाली मी.

*

बुधवारी मी ऑफिसला निघत होतो. बाबांच्या समोरच्या दारातल्या काकूंचा फोन आला.

"अरे, तुझे बाबा तुझ्याकडे आलेत का?"

"नाही काकू. घरीच आहेत. आत्ताच उठलेत."



"असं कसं? दारात पेपर साठलेत. मी कधीची बेल वाजवतेय."

"ऐकू आली नसेल. उठलेत ते, काकू, मला मेसेज आलाय."

"मग दार का उघडत नाहीत?"

मी थेट बाबांकडे निघालो.

दार आतून कडी लावलेलं होतं. तोडावं लागलं.

बाबा पलंगावर होते. एका कुशीवर. पांघरूण खांद्यापर्यंत नीट ओढलेलं.

शेजारचा दिवा चालू होता. भर उजेडात.

*

डॉक्टर म्हणाले, "झोपेतच गेलेत. काही त्रास झालेला दिसत नाही. शनिवारी रात्रीच, बहुधा."

"बहुधा?" ताईनं विचारलं.

"खोली गार आहे. थंडीत नेमकं सांगता येत नाही. एखादा दिवस इकडेतिकडे."

बाकी डॉक्टर काय काय बोलले, मला आठवत नाही. एवढंच आठवतं.

एखादा दिवस इकडेतिकडे.

*

सगळं आटोपल्यावर मी लॅपटॉप घेऊन ढापण्याकडे गेलो. मेल्या माणसाचे मेसेज कसे आले, ते मला कळायला हवं होतं.

त्याला फार वेळ लागला नाही.

त्या आठवड्यात बाबांच्या रस्त्यावर केबल टाकायला खणत होते. रोज पहाटे वीज जायची आणि उजाडताना यायची. वीज आली की प्लग चालू. दिव्याचा स्वतःचा खटका बाबांनी बंदच केला नव्हता, त्यामुळे प्लग चालू झाला की दिवा लागायचा. दिव्यातून वीज गेली...

बाबा उठले.

"तुझ्या प्लगनं काही चुकीचं केलं नाही," ढापण्या हळूच म्हणाला. "तू सांगितलंस तेच केलं."

त्याला मला धीर द्यायचा होता. मला कळत होतं.

मी लॅपटॉप मिटायला घेतला. त्यानं माझा हात धरला.

"थांब. किटलीचा आलेख काढ."

"किटलीचा कशाला?"

"काढ तर."

मी काढला.

ढापण्यानं चष्मा काढला. पुसला. परत घातला.

दिव्याची रेघ रोज उजाडताना चढलेली होती. सरळ. वीज आली त्याच क्षणी. ते बरोबरच होतं.

पण त्यानंतर... बऱ्याच वेळानं... बाबांच्या चहाच्या वेळेला...

किटलीची रेघ चढलेली होती.

रविवारी. सोमवारी. मंगळवारी. बुधवारी.

*

आता हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे.

दिवा प्लगनं लागतो. किटली नुसत्या प्लगनं लागत नाही. किटलीला तिचा स्वतःचा खटका असतो. तो हातानं खाली दाबावा लागतो. पाणी उकळलं की तो आपोआप वर येतो आणि परत कोणी दाबेपर्यंत वरच राहतो. प्लग दिवसभर चालू असला तरी किटली थंडच.

हात लागतो.

"खटका बिघडला असेल," ढापण्या म्हणाला. "आपोआप खाली पडत असेल."

मी त्याच संध्याकाळी जाऊन बघितला. खटका चांगला घट्ट होता. कितीदा हलवून, आपटून बघितलं. दाबल्याशिवाय खाली जात नव्हता.

ओट्यावर बाबांचा कप उपडा ठेवलेला होता.

कोरडा.

*

परत सांगतो. मला स्वतःलाच परत सांगावं लागतं.

बुधवारी काकू दाराबाहेर बेल वाजवत होत्या, तेव्हाच आत किटली लागली होती. दाराला आतून कडी. बुधवारी बाबा नव्हते, याबद्दल डॉक्टरांना शंका नव्हती. म्हणजे बुधवारचा हात बाबांचा नाही. निदान... जिवंत बाबांचा नाही.

मंगळवारचाही नाही.

सोमवारचा, बहुधा नाही.

रविवारचा?

रविवारचा हात जर खरा असेल, तर बाबा रविवारी सकाळी होते. उठले होते. चहाला पाणी ठेवलं होतं. मग कदाचित बरं वाटेना म्हणून परत जाऊन पडले. वाट बघत पडले. कोणीतरी फोन करेल म्हणून... आणि आम्ही सगळे आपापल्या घरी, मोबाइलवर, बाबा उठले हे वाचून निवांत.

आणि रविवारचाही हात जर बुधवारसारखाच असेल, तर बाबा शनिवारी रात्री झोपेत गेले. शांतपणे. कोणाचीही वाट न बघता.

बघा म्हणजे कसं झालं.

लोकांना घरात भूत नको असतं.

मला ते हवं होतं.

*

पुढच्या आठवड्यात मी ऑफिसात होतो. बाबांच्या घराला नवं कुलूप. एक चावी माझ्याकडे, एक ताईकडे.

ग्रुपवर मेसेज आला.

बाबा उठले.

बायकोनं फोन केला. नुसता श्वास ऐकू येत होता. मग ताईचा फोन.

"बंद कर ते! जरा लाज वाटू दे!"

"ताई, मी काही केलं नाही."

"तूच केलंस सगळं!"

तिनं फोन ठेवला. ती चिडून बोलली होती, पण त्या वाक्यात खोटं काही नव्हतं.

अर्धी रजा टाकून मी गेलो. कुलूप जसंच्या तसं. आत वास नाही, आवाज नाही. पलंग उघडा, गादी गुंडाळलेली. स्वयंपाकघरात गेलो. किटलीला हात लावला.

कोमट होती...

मी तिथेच उभा राहून मोबाइलवरून मेसेजचा नियम पुसला. दिव्याचा आणि रेडिओचा प्लग काढून खिशात टाकला. किटलीच्या प्लगला हात घातला.

काढवेना.

कसं सांगू? मी तो ओढला असता, तर कोणाचा तरी चहा मध्येच थांबला असता. एवढंच वाटलं. मी ज्यांना फोनसुद्धा केला नव्हता, त्यांचा चहा.

मेसेज थांबले.

आलेख थांबला नाही. रोज सकाळी ऑफिसात बसून मी गुपचूप बघायचो. रेघ चढायची. थोडा वेळ राहायची. उतरायची. वीजबिल माझ्या खात्यातून जात होतं, आणि मी ते कोणालाही सांगितलं नव्हतं.

*

एका शनिवारी ताई अचानक आमच्याकडे आली. डोळ्यांखाली काळं. वजन उतरलेलं. भाऊजी मागे उभे होते, ते म्हणाले, "ही झोपत नाही. रात्रभर बसून असते. तूच काहीतरी बोल हिच्याशी."

बायको भाऊजींना घेऊन आत गेली.

ताई माझ्यासमोर बसली. पर्स मांडीवर, जशी दवाखान्यात बसतात तशी.

"त्या रविवारी मी फोन हातात घेतला होता," ती म्हणाली.

मी खुर्ची पुढे ओढली.

"सुट्टी होती ना. म्हटलं, आज निवांत बोलू. नंबर काढला होता. तेवढ्यात तुझा मेसेज आला. म्हटलं, उठलेत. करू संध्याकाळी. संध्याकाळी राहिलं."

"ताई..."

"मला बाकी काही नको. मी तुझ्यावर चिडलेली नाही. मला फक्त एवढंच सांग, मी फोन केला असता तर त्यांनी उचलला असता का?"

मी तिला किटलीचं सांगितलं. सगळं. आलेख दाखवला. आदल्या दिवशीचाही दाखवला, रिकाम्या, कुलूपबंद घरातला.

मला वाटलं, ती किंचाळेल.

तिनं त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग तिनं डोळे पुसले.

"बाबा काय म्हणायचे? लिफ्टमध्ये माणूस अडकला की आधी काय करायचं?"

"काय?"

"हत्यारं नंतर काढायची. आधी त्याच्याशी बोलायचं."

*

म्हणून तो रविवार.

चहाच्या वेळेच्या आधी आम्ही पोचलो. काकू दारात होत्या. "झाडलोट करायला आलात का?" त्यांनी विचारलं. ताई "हो" म्हणाली. दार लोटून घेतलं.

मी किटलीत पाणी भरलं. खटका वर आहे, हे दोघांनी डोळ्यांनी बघितलं. प्लग चालू होता. मोबाइल ओट्यावर ठेवला, विजेचा आकडा दिसेल असा.

शून्य.

"बोल," ताई म्हणाली.

"तू बोल ना. तू मोठी आहेस."

"मला नाही जमणार रे. मी रडेन. तूच बोल." आणि मग जुन्या सवयीनं, "लहानपणी मार खायच्या वेळीही मलाच पुढे करायचास."

मला हसू आलं. तिलाही. त्या स्वयंपाकघरात त्या दिवसानंतर पहिल्यांदाच कोणी हसलं असेल.

मग ती बाहेरच्या खोलीत गेली. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कानांवर हात.

मी ओट्याशी एकटा.

ऊन. टाइल्सवर पाण्याचे वाळलेले डाग. खाली रस्त्यावर कोणीतरी शटर वर करत होतं.

शून्य.

"बाबा," मी म्हणालो.

माझाच आवाज मला परका वाटला. काय बोलायचं ते मी घरून ठरवून आलो होतो. माफी मागायची होती. पण तोंडातून थेट तेच निघालं.

"बाबा, तुम्ही शनिवारीच गेलात ना? झोपेतच?"

काही नाही.

शटरचा आवाज थांबला.

शून्य.

मी श्वास सोडला. मूर्खपणा, असं मनात आलं. ताईला हाक मारायला वळलो...

टक.

प्लगचा नव्हता तो आवाज. प्लगचा मला झोपेतही ओळखू येतो.

खटका खाली गेला होता.

माझ्या डोळ्यांसमोर नाही. मी वळलो होतो. पण आता तो खाली होता, आणि किटलीच्या तळाचा दिवा लागला होता, आणि मोबाइलवरचा आकडा चढत होता... हजार... बाराशे... पंधराशे...

पाणी सूं करायला लागलं.

उत्तर आलं होतं.

मी ओटा धरला. बाबा, बाबा, बाबा, एवढंच तोंडात. इतका हलका झालो होतो की सांगता येत नाही. हो म्हणाले. मी विचारलं आणि ते हो म्हणाले.

आणि मग...

मग मी त्या आकड्याकडे बघत राहिलो.

हो?

चालू म्हणजे हो, असं कोणी ठरवलं होतं?

मी ऑफिसात दिवसभर हेच काम करतो, प्रोग्रॅम लिहायचं. यंत्राला काही विचारायच्या आधी ठरवायचं असतं, चालू म्हणजे काय आणि बंद म्हणजे काय. पहिल्या दिवशी शिकवतात. आणि इथे, आयुष्यातला एकच प्रश्न विचारायचा होता तिथे, मी ते ठरवलंच नव्हतं.

नाही, ठरवलं होतं. एकदा ठरवलं होतं. या घरात, या किटलीसाठी, मीच माझ्या हातानं लिहिलं होतं. किटली चालू म्हणजे...

म्हणजे बाबा उठले.

मी विचारलं होतं, तुम्ही शनिवारीच गेलात ना.

आणि किटली लागली होती. नाही, रविवारी उठलो होतो, असंही असेल ते.

*

"काय झालं?"

ताई दारात उभी होती. कानांवरचे हात आता गळ्याशी. तिनं किटली बघितली. खटका बघितला. 

"काय विचारलंस?"

मी तिच्याकडे बघितलं. डोळ्यांखालचं काळं. उतरलेलं वजन. नंबर काढून परत ठेवलेला फोन.

किटली सूं करत होती.

"शनिवारीच गेलात का, विचारलं," मी म्हणालो.

"मग?"

मी परत विचारू शकलो असतो. हो असेल तर आता बंद करा, असं म्हणू शकलो असतो. सोपं होतं. एक वाक्य.

पण उत्तर भलतंच आलं असतं तर?

"हो म्हणाले," मी म्हणालो.

टक.

खटका वर आला. दिवा गेला. आकडा शून्य.

पाणी अजून उकळलं नव्हतं.

ताईनं ते बघितलं नाही. ती खाली बसली होती, दारातच, चौकटीला टेकून, आणि लहान मुलीसारखी रडत होती. रडता रडता हसत होती. "शनिवारीच," म्हणत होती. "शनिवारीच रे. मग मी फोन केला असता तरी..."

"तरी काही उपयोग नव्हता," मी म्हणालो.

*

त्यानंतर किटली कधीच आपोआप लागली नाही.

मी सकाळी आलेख बघतो. सपाट असतो. कित्येकदा जाऊन ओट्याशी उभा राहिलो. नीट ठरवून विचारलं. हो म्हणजे चालू, नाही म्हणजे बंद, कळलं ना बाबा? मोठ्यानं विचारलं. काकूंनी ऐकलंही असेल. काही नाही. रिकाम्या घरात माणूस बोलला की जसं वाटतं, तेवढंच.

खटका तेव्हा का वर आला, ते मला माहीत नाही. बाबांनी दुजोरा दिला असेल. किंवा मी खोटं बोललो म्हणून हात काढून घेतला असेल. ढापण्याला विचारलं. तो म्हणाला, "कधीकधी पाणी कमी असलं तर होतं तसं." माझ्याकडे न बघता म्हणाला.

पाणी मी भरलं होतं. कमी नव्हतं.

ताई आता झोपते. भाऊजी सांगतात, घोरतेसुद्धा. तिचं वजन परत आलंय. घर रिकामं करताना तिनं एकच वस्तू मागून घेतली.

मागच्या रविवारी तिच्याकडे गेलो होतो. तिनं त्याच किटलीत पाणी ठेवलं. स्वतःच्या हातानं खटका दाबला. गुणगुणत होती. कप माझ्या हातात दिला आणि समोर बसली.

"बरं झालं ना रे, आपण विचारलं," ती म्हणाली.

मी कप धरून बसलो होतो.

"पी ना. गार होतोय."

मी प्यालो.